देव कोर्टात, पोरगं बाहेर

सिक्वेल म्हटलं की माझी अपेक्षा आधीच जमिनीला टेकलेली असते. पहिल्याचं नाव घ्यायचं, त्यातला एखादा चेहरा परत आणायचा, पहिल्या तीन दिवसांत गल्ला गोळा करून मोकळं व्हायचं, हे सगळं आता इतकं उघड चालतं की कुणाला त्यात काही वाटतही नाही. आणि त्यात विषय देवाधर्माचा असला की अजून एक भानगड, कुणाच्या भावना कधी कशाने दुखावतील याचा नेम नाही, त्यामुळे लिहिणारा आधीच चार ठिकाणी कात्री लावून बसतो आणि मग उरतं काय तर देवाच्या नावाने गुळगुळीत उपदेश. तर 'ओह माय गॉड 2' बद्दल माझं मत बघायच्या आधीच तयार होतं, आणि ते काही फार चांगलं नव्हतं.

पहिला आठवतोय ना? 2012 च्या सप्टेंबरात आलेला, 'कांजी विरुद्ध कांजी' या गुजराती नाटकावरून केलेला. परेश रावलचा कांजीभाई, मूर्ती विकणारा पण देव न मानणारा, भूकंपात त्याचं दुकान जातं, विमा कंपनी म्हणते ही तर देवाची करणी, आम्ही पैसे देत नाही, आणि हा पठ्ठ्या सरळ देवावरच केस टाकतो. अक्षय कुमार कृष्ण होऊन मोटरसायकलवर येतो. मजा आली होती बघायला, खोटं कशाला बोलू. पण आमच्या घरात त्या सिनेमाने एक गोष्ट केली होती, सासूबाईंना दुखावलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुधाच्या अभिषेकावरचे टोमणे चालू असताना त्यांचा चेहरा उतरलेला मी बघितला होता, कारण दर सोमवारी त्र्यंबकला जाऊन त्या तेच करतात. शेवटी कांजीभाईलाच देव करून टाकतात आणि तो ते सगळं मोडीत काढतो, कृष्णाचं मागे राहिलेलं किचेनही फेकून देतो, तिथे आमचे आप्पा टाळ्या वाजवत होते आणि सासूबाई आत कुकर लावायला निघून गेल्या होत्या. म्हणजे एकाच सोफ्यावर सिनेमा एकाला चालला आणि दुसरीला नाही.

म्हणून दुसऱ्या भागात काय केलंय हे बघण्यासारखं आहे. दिग्दर्शक बदलला, उमेश शुक्लांच्या जागी अमित राय आले. नास्तिक माणूसच काढून टाकला. कांती शरण मुद्गल हा पंकज त्रिपाठीचा माणूस कट्टर शिवभक्त, कपाळावर गंध, तोंडात सतत महादेव, देवळाजवळ पूजेच्या सामानाचं दुकान. बायको, मुलगी, मुलगा. मुलाला शाळेत पोरं त्याच्या शरीरावरून चिडवतात, तो घाबरतो, रस्त्यावरच्या जडीबुटीवाल्यापासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळीकडे जाऊन नको ते घेतो, आणि एक दिवस शाळेच्या बाथरूममध्ये हस्तमैथुन करताना त्याचा व्हिडिओ निघतो आणि गावभर फिरतो. शाळा त्याला काढून टाकते. बाप आधी लाजेने अर्धमेला, गाव सोडून निघालेला. पोरगं रेल्वेच्या रुळांवर पोचतं. मग महादेवाने पाठवलेला माणूस येतो, अक्षय कुमार, जटा वगैरे, आणि बापाला वळवतो. आणि बाप केस टाकतो, शाळेवर, भोंदू वैद्यावर, मेडिकलवाल्यावर, आणि स्वतःवर सुद्धा. हा शेवटचा भाग मला फार आवडला. स्वतःला आरोपी करणारा बाप आपल्या सिनेमात मी तरी आधी बघितला नव्हता. मी चुकलो, मी पोराशी कधी बोललोच नाही, हे तो कोर्टात सांगतो.

आता यातली गंमत अशी की पहिल्यात देव आरोपी होता, इथे देव बापाच्या बाजूचा. धर्म हा प्रश्नच नाहीये इथे. प्रश्न आहे लैंगिक शिक्षणाचा, आणि धर्म ती कडू गोळी गिळायला दिलेला गूळ. मग याला सिक्वेल म्हणायचं का? कथा वेगळी, माणसं वेगळी, मुद्दा वेगळा. पण एक सांगाडा तोच ठेवलाय, कोर्ट, एक साधा माणूस जो स्वतःच स्वतःची केस लढतो, आणि देव जो त्याच्यासाठी केस जिंकून देत नाही, फक्त बाजूला उभा राहून डिवचतो, ढकलतो, कधी फिदीफिदी हसतो. अक्षय कुमारचं काम थोडंच आहे आणि तेवढंच ठेवलंय ते बरंच झालं. तो जास्त बोलला असता तर परत प्रवचन झालं असतं.

विनोद कुठून येतो ते पण बघा. पहिल्यात तो ढोंगी महाराजांची टर उडवण्यातून यायचा, मिथुनचे ते हातवारे आठवा. इथे टर उडवायला महाराज नाहीत, इथे हसू येतं ते भल्या माणसांच्या अवघडण्यावर. वकील अवघडते, न्यायाधीश अवघडतात (पवन मल्होत्रा, काय काम केलंय त्या माणसाने, अर्ध्या सिनेमात नुसत्या भुवयांवर हशा घेतो), डॉक्टर अवघडतो, आणि मुद्गल मात्र हात जोडून, अगदी आरतीच्या सुरात, ज्या गोष्टी घरात कुणी उच्चारत नाही त्या भर कोर्टात विचारत सुटतो. पंकज त्रिपाठीच्या जागी दुसरा कुणी असता तर हे एक तर अश्लील वाटलं असतं नाही तर पाठ्यपुस्तक. तो ते प्रश्न असे विचारतो की जणू देवळाचा रस्ता विचारतोय. आणि समोरच्या बाजूला शाळेचा प्रमुख म्हणून अरुण गोविल! 1987 च्या टीव्हीवरचा राम, ज्याच्यासाठी लोक टीव्हीला हार घालायचे, तो इथे पोराला शाळेतून काढणारा. ज्यांनी ते रविवार बघितलेत त्यांना यातली खोच कुणी सांगायची गरज नाही.

हे असं देवाच्या सोबतीने हसणं आपल्याकडे नवीन आहे का? अजिबात नाही. जनाबाईने विठोबाला कारट्या म्हणून घेतलंय, तमाशातल्या गवळणीत मावशी कृष्णाची काय फजिती करते ते बघा, कोकणातल्या दशावतारात संकासुर आला की देवादिकांच्या समोर लोक पोट धरून हसतात आणि मग तिथेच हात जोडतात. त्यामुळे देवावर विनोद म्हणजे धर्म बुडाला असं म्हणणारी मंडळी मला नेहमी थोडी परकी वाटतात, आपल्याच मातीतली असून. देव हा घरचा माणूस आहे म्हणून तर त्याच्यावर रागावता येतं.

पण 2023 च्या उन्हाळ्यात वातावरण काही असं नव्हतं. जूनमध्ये रामायणावरचा एक मोठा सिनेमा येऊन त्याच्या डायलॉगवरून देशभर रान पेटलं होतं, सेन्सॉरला कोर्टाने बोल लावले होते. मग जुलैमध्ये याचा टीझर आला, त्यात रेल्वेच्या रुळांवर अक्षय कुमारच्या अंगावर पाण्याचा फवारा पडतो असा एक शॉट, आणि लगेच बोंब, की रेल्वेच्या पाण्याने रुद्राभिषेक? झालं. सिनेमा सेन्सॉरच्या रिव्हायजिंग कमिटीकडे, म्हणजे फेरतपासणीला, गेला आणि बाहेर आला तो सत्तावीस बदल घेऊन. मुळात अक्षय कुमार स्वतः शिव होता, त्याचा शिवाचा दूत झाला. शूटिंग झालेलं उज्जैनच्या महाकाल मंदिरात, तिथल्या पुजाऱ्यांचाही आक्षेप होता. (जाता जाता, महाकालचं आजचं मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात बांधून घेतलं, त्यामुळे आपल्याकडच्या लोकांना उज्जैन तसं माहेरासारखंच. आमच्याकडचे अर्धे नातेवाईक भस्मारतीचं बुकिंग कसं करायचं यावर तासभर बोलू शकतात.)

देवाचा दूत झाला याचं मला फार दुःख नाही. उलट गोष्टीला ते थोडं शोभतंच, वरून पाठवलेला हलकासा चक्रम माणूस. खरी माती खाल्लीय ती पुढे. सत्तावीस बदल करून घेतले ते घेतलेच, आणि वर सर्टिफिकेट दिलं 'ए'. फक्त प्रौढांसाठी! चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना शाळेत हे शिकवा असं अडीच तास ओरडून सांगणारा सिनेमा, आणि तो चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांनी बघायचा नाही. सिनेमातल्या मुलाला सुद्धा तो सिनेमा बघता आला नसता. याहून मोठा विनोद सिनेमात नाही.

आणि योगायोग बघा. ज्या दिवसांत हे 'ए' चं ठरत होतं त्याच दिवसांत संसदेत सिनेमॅटोग्राफ कायद्याची दुरुस्ती मंजूर होत होती, लोकसभेत 31 जुलै 2023 ला. त्यात यूए चे, म्हणजे पालकांच्या सल्ल्याने मुलांना बघता येणाऱ्या सिनेमांचे, तीन भाग केलेत, 7 वर्षांवरचे, 13 वर्षांवरचे, 16 वर्षांवरचे, म्हणजे पालकांनी ठरवावं. नियम पुढच्या वर्षी आले. थोडं आधी आलं असतं तर 'यूए 13' किंवा 'यूए 16' देऊन मोकळे होता आलं असतं, निदान देता येणार नाही असं म्हणायची सोय राहिली नसती.

आम्ही दोघंच गेलो थिएटरला, मुलाला आजी-आजोबांकडे ठेवून. 11 ऑगस्टला रिलीज झाला, त्याच दिवशी 'गदर 2' पण, त्यामुळे शेजारच्या स्क्रीनमधून हातपंप उपटल्यासारखा आवाज अधूनमधून येत होता आणि आमच्याकडे कोर्टात शांतपणे शरीरशास्त्र चाललेलं. आमच्या पुढे रांगेत एक जोडपं होतं, बरोबर साधारण नववीतला मुलगा. दारावरच्या पोराने त्यांना थांबवलं. वडील म्हणाले, अहो देवाचा सिनेमा आहे ना. तो पोरगा बिचारा स्वतः जेमतेम विशीतला, म्हणाला काका देवाचाच आहे पण मोठ्यांच्या देवाचा आहे. सगळे हसले, ते वडील सोडून. ते तिघं तिकिटं बदलून गदरला गेले, म्हणजे जिथे माणसं मारतात तिथे पोराला घेऊन जाता आलं.

तरी सिनेमा चालला, भारतात दीडशे कोटींच्या आसपास कमावले, 'गदर' च्या वावटळीत आणि 'ए' घेऊन, हे काही कमी नाही. म्हणजे कुणीतरी बघत होतं. कोण, ते मला आमच्या घरात कळलं.

ऑक्टोबरात नेटफ्लिक्सवर आला. दिवाळीच्या सुट्टीत मी मुद्दाम हॉलमधल्या टीव्हीवर लावला, सगळे बसलेले असताना. सासूबाई ताटात लसूण सोलत होत्या. आप्पा खुर्चीत. नवरा रिमोट धरून, अंगठा आधीच बटणावर. पोरगं सगळ्यांच्या मागे कोपऱ्यात मोबाईल घेऊन, नसल्यासारखं. व्हिडिओचा प्रसंग जवळ आला तसा हॉलमधला आवाज बदलला, म्हणजे बोलणं बंद आणि लसणाची सालं काढल्याचा आवाज ऐकू यायला लागला. आणि बरोबर त्या क्षणाला आप्पांनी मोठ्याने विचारलं, "अरे, सिलिंडर बुक केलास का?" नवरा म्हणाला, "हो आप्पा, भरून आलाय की कालच." परत शांतता. मागून पोरगं मान वर न करता म्हणालं, "आप्पा, आमच्या वर्गात सगळ्यांनी बघितलाय हा, मोबाईलवर." सासूबाईंचा हात थांबला. मला वाटलं आता उठतात आणि जातात कुकर लावायला. तर त्या म्हणाल्या, "मग मागे काय बसलायस चोरासारखा, पुढे ये. आणि हे लसूण धर."

आणि मग पुढचे दोन तास त्या हलल्या नाहीत. पहिल्या भागाने त्यांना जे म्हटलं होतं, की बाई तुझी भक्ती येडपट आहे, ते इथे नव्हतं. इथे त्यांच्यासारखाच एक माणूस होता, सोमवार पाळणारा, आणि त्याच्या भक्तीनेच त्याला पोराच्या बाजूने उभं केलं होतं. मुद्गल कोर्टात हरायला आला की त्या पुटपुटायच्या, बोल बोल, महादेव आहे तुझ्या मागे. म्हणजे ज्यांच्यासाठी हा सिनेमा काढलाय ती ही माणसं, आपल्या घरातली साठी-सत्तरीची भाविक मंडळी आणि चाळिशीतले अवघडलेले बाप, आणि त्यांच्यासाठी तो शंभर टक्के चालतो. पुरोगामी प्रेक्षकाला यात नवीन काही नाही, त्याला सगळं आधीच पटलेलं असतं. ज्याला पटलेलं नाही त्याच्या घरात त्याच्याच देवाचा फोटो हातात धरून शिरायचं, ही या सिनेमाची युक्ती, आणि ती लागू पडते हे मी हॉलमध्ये बघितलंय.

आता मला जे खटकतं ते. मुद्गल केस जिंकतो ती कशाच्या जोरावर? कामसूत्र, पंचतंत्र, खजुराहो. आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं, ते मोकळे होते, इंग्रज आले आणि आपण सोवळे झालो, असा एकूण सूर. टाळ्या पडतात, पडणारच. पण समजा हे जुन्या ग्रंथात नसतं तर? तर त्या पोराने केलं ते पाप ठरलं असतं का? पोराला माहिती मिळाली पाहिजे ती त्याला गरज आहे म्हणून, एवढं कारण पुरत नाही का आपल्याला? प्रत्येक वेळी पूर्वजांची सही लागते.

आणि हे मला जास्तच टोचतं कारण आपल्याकडे हीच केस खरोखर चाललीय, सिनेमाच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधी. र. धों. कर्वे. 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढणारा माणूस, संततिनियमनावर, लैंगिक आरोग्यावर लिहिणारा, लोक पत्रं पाठवून खाजगी शंका विचारायचे आणि हा छापून उत्तरं द्यायचा, हस्तमैथुनाबद्दलच्या शंकांची सुद्धा. त्या उत्तरांवरूनच 1934 मध्ये त्याच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. आणि वकील कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्याने ते अश्लील होत नाही, ही त्यांची बाजू. ना कामसूत्राचा टेकू, ना कुणी देवदूत शेजारी. कर्वे हरले. दंड भरला, आणि मासिक पुढे चालू ठेवलं, मरेपर्यंत म्हणजे 1953 पर्यंत, पदरमोड करून. अशी माणसं आपल्याकडे होऊन गेली आणि तरीही 2007 मध्ये महाराष्ट्राने, मध्य प्रदेशाने आणि अजून काही राज्यांनी शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम संस्कृतीच्या नावाखाली बाजूला ठेवला होता. आणि जिथे या सिनेमाचं शूटिंग झालं ते उज्जैन मध्य प्रदेशातच येतं, म्हणजे मुद्गलने खरी केस टाकायची तर ती शाळेवर थांबून चालली नसती, पण तिथे सिनेमा जात नाही. शाळा, वैद्य, मेडिकलवाला, बाप, एवढेच आरोपी. सरकार निर्दोष.

तर कर्वे तर्काने लढून हरले आणि मुद्गल देवाला धरून जिंकला, पडद्यावर का होईना. यातून मी काय समजायचं? सासूबाई जिंकल्या म्हणून मी खूश आहे, पण कर्व्यांसाठी वाईट वाटतं, आणि या दोन्ही गोष्टी मला एकमेकींत बसवता येत नाहीत. मुलांच्या दप्तरात माहिती पोचणार असेल तर गुळात घालून द्या नाही तर अंगाऱ्यात, असंही कधीकधी वाटतं. लोकलच्या डब्यात अजून ती स्टिकरं आहेतच की, गुप्त समस्या, निराश होऊ नका, एकदा भेटा. पोरं ती वाचतात. आपण वाचत नाही असं दाखवतो.

दुसरी तक्रार, पोरगंच सिनेमात मुकं आहे. बाप बोलतो, वकील बोलते, न्यायाधीश बोलतात, ज्याच्यावर गुदरलं तो मान खाली घालून बसलेला. माझ्या मुलाला मी नंतर विचारलं कसा वाटला, तर म्हणाला, "ठीक होता, पण त्याच्याशी कुणी बोलतच नव्हतं, सगळे त्याच्याबद्दल बोलत होते." मी यावर गप्प बसले कारण आम्ही पण साधारण तेच करत होतो. सेकंड हाफ लांबलाय, कोर्टातले एकदोन साक्षीदार कमी चालले असते, वकीलीणबाईंना (यामी गौतम) हरण्यासाठीच उभं केल्यासारखं लिहिलंय, तिच्या तोंडी एक तरी मुद्दा असा हवा होता की आपण म्हणू, अरे हिचंही खरं आहे. हे सगळं आहे. तरी पहिल्यापेक्षा मला हा जवळचा वाटला. पहिला हुशार होता. याला पोटात माया आहे.

त्या रात्री जेवताना तिसरा भाग काढला तर कशावर काढावा यावर आमच्याकडे चर्चा झाली. आप्पांचं म्हणणं, परीक्षा आणि कोचिंग क्लास. नवरा म्हणाला, हॉस्पिटलची बिलं. मी म्हटलं मुलीची केस घ्या की आता, पाळीची, त्या चार दिवसांत देवघराला हात लावायचा नाही याची, देवळाच्या गाभाऱ्यात बायकांनी जायचं की नाही याची. 2016 मध्ये शनिशिंगणापूरचं झालं, आमच्या त्र्यंबकचं पण तेव्हाच गाजलं, सगळं इथेच घडलेलं आहे, कोर्टही तयार आहे. मला वाटलं सासूबाईंना हे काही रुचणार नाही. त्यांनी भाकरी तव्यावरून काढली, माझ्या ताटात टाकली आणि म्हणाल्या, "काढू देत की. पण मग तो जटावाला नको पाठवायला, त्याला काय कळतंय यातलं. देवीला पाठवा म्हणावं. आणि 'ए' बी नको, माझ्या भिशीतल्या बायका नातींना घेऊन येतील."